फिरतं चाक आणि चहाचा कप

“…मग ते चाक फिरतच का राहतं, बाई?”

मी हे विचारलं तेव्हा खासनीस बाई थर्मासमधून चहा ओतत होत्या. आमच्या नर्सिंग कॉलेजची जुनी सिस्टीम त्यांनीच लिहिलेली. नवी माझी. मुली जुनीत लॉगिन करायच्या, तिथून हॉल तिकीट काढायला नवीत जायच्या आणि मधेच अडकायच्या. पडद्यावर नुसतं चाक. उद्या परीक्षा.

आज सोडवल्याशिवाय उठायचं नाही, असं मी ठरवलं होतं. हट्ट माझ्याकडे भरपूर आहे. अकलेचं बाई बघतात.

“काय काय केलंस?”

मी ऐटीत सांगितलं. सर्व्हर मोठा घेतला. थांबायची मुदत वाढवली. मग आणखी वाढवली.

“आणि?”

“आता चाक जास्त वेळ फिरतं.”

बाई हसल्या नाहीत. कप पुढे केला. मी धरला… त्यांनी सोडला नाही.

“बाई, सोडा ना.”

“तू ‘मिळाला’ म्हण, मग सोडते.”

“तुम्ही सोडल्याशिवाय कसं म्हणू?”

“बरं. थोडं जास्त वेळ थांबून बघू.”

…

बोटं भाजत होती. ऑफिसातले लोक माना वर करून बघायला लागले. चाळिशी उलटलेली टीम लीड मी आणि निवृत्तीला आलेल्या बाई, एका कपाला लटकलेल्या.

…

कपाकडे बघता बघता उमगलं. जुनी सिस्टीम मुलीचं सेशन, म्हणजे ती आत आल्याची खूण, धरून नवीच्या होकाराची वाट बघत होती. आणि नवी होकार द्यायच्या आधी जुनीलाच विचारत होती, ही तुमचीच ना? सेशन धरलेलं असेपर्यंत जुनीला उत्तर देताच येत नव्हतं.

मी कप बाईंच्या हातात सोडून पळाले. जुनीने आधी सेशन सोडायचं, मग नवीला हाक मारायची. एवढाच बदल. होस्टेलवरच्या प्रणोती गावित या विद्यार्थिनीला फोन करून लॉगिन करायला लावलं.

“हॉल तिकीट आलं, मॅडम,” ती म्हणाली. मागे मुलींचा गलका.

परत आले तर बाई माझा चहा पीत होत्या.

“सुटलं,” मी म्हटलं. तेवढ्यावर थांबले तर ती मी कसली. “म्हणजे चूक तुमच्या जुनीचीच होती. माझ्या नवीची नव्हती.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“सुटलं ना? … मग तू काय धरून बसलीस?”