साळिंदराचा स्टुडिओ आणि सशिणीची भीड

माळ संपून जंगल सुरू होते त्या ठिकाणी, करवंदीच्या जाळीखाली, एक सशीण आपल्या लेकीला घेऊन राहत असे. सशाच्या घरात एकच पिल्लू असणे ही काही रीत नव्हे. बाकीची कुठे गेली, हे मुलांनो, तुम्ही तिला कधी विचारू नका. त्यांना ऐकायला जरा उशीर झाला, एवढे समजले तरी पुरे. सशाला दात असतात, पण ते गवतापुरते. नखे असतात, पण ती मातीपुरती. त्याचा जीव असतो तो कानांत.

सशीण स्वभावाने फार भिडस्त होती. वाटेत कोणी तिच्या पायावर पाय दिला, तर तीच आधी विचारी, "लागलं नाही ना तुम्हाला?" जंगलात सगळे तिला चांगली म्हणत आणि सगळे तिच्या पुढे जाऊन पाणी पीत.

लेक कान टोचण्याएवढी झाली. सशांमध्ये हे काम आत्याचे. सकाळच्या उन्हात पिल्लाला मांडीवर घ्यायचे, त्याचा कान सूर्यासमोर धरायचा, म्हणजे आतल्या शिरा लाल दोऱ्यांसारख्या दिसतात. जिथे दोरा नाही तिथे बाभळीचा काटा टोचायचा, हळद लावायची आणि भोकात लाल गुंज अडकवायची. ओढ्यापलीकडच्या आत्याने माळावरच्या निम्म्या सशांचे कान असेच टोचले होते. पण शेजारची खार ते ऐकून नाक मुरडत म्हणाली, "अगं बाई, अजून काट्यानं टोचता? साळिंदरानं एवढा स्टुडिओ काढलाय! सगळं जंगल तिथं जातं." खारीला वाईट वाटू नये म्हणून सशीण स्टुडिओकडे निघाली.

स्टुडिओ वडाच्या मुळांखाली, एका अंधाऱ्या बिळात होता. दाराशी एक सरडा बसे. त्याचा रंग गिऱ्हाईक पाहून बदले. बड्यांसाठी तो सोनेरी होई. सशिणीला पाहून तो इतका मातीच्या रंगाचा झाला, की तिथे कोणी बसले आहे हेच तिला बराच वेळ कळले नाही.

"अहो, ऐकलंत का? लेकीचे कान टोचायचे होते."

"मग टोचा की. मी कुठं अडवलंय?"

"नाही, म्हणजे... इथं टोचायचे होते."

"बसा तिकडं. बोलावलं की यायचं. नाही बोलावलं तर समजून घ्यायचं."

सशीण बसली. थोड्या वेळाने एक कोल्हीण आली. सरडा सोनेरी झाला, त्याने "या, या, ताईसाहेब!" म्हणून तिला थेट आत नेले. स्टुडिओच्या आवारात कोणी कोणाची शिकार करायची नाही, असा कडक नियम होता. अपमानाबद्दल मात्र कसलाच नियम नव्हता.

"आई, आपण आधी आलो होतो ना?" लेकीने विचारले.

"त्यांना घाई असेल, बाळा."

"आणि आपल्याला?"

"आपलं काय! आपण बसू."

बसून बसून त्यांची पाळी आली. साळिंदराने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. लेकीने भीतीने कान पाठीवर पाडले होते. साळिंदराने उजवा कान ओढून सरळ केला, कोळशाची एक खूण केली आणि आपल्या अंगावरचा काटा उपसला. अंधारात कानातल्या शिरा दिसत नव्हत्या, पण खुणेची जागा सशिणीला बरी वाटेना. ती हळूच म्हणाली, "जरा बाहेर उन्हात धरून बघितला असता कान... आत शीर असते, म्हणून आपलं म्हटलं."

साळिंदराच्या अंगावरचे सगळे काटे खडखडले. "मला शिकवता? अस्वलाचे कान टोचलेत मी, बाई! त्याच्या केसांत तर कान सापडतसुद्धा नाहीत. उन्हात बसायचं होतं तर घरीच बसायचं!"

दारातून कोणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला. सरडा म्हणाला, "मागं लोक थांबलेत." सशीण ओशाळली. "नाही, नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. तुम्ही जाणते आहात."

तेवढ्यात मांडीवरून लेक कुजबुजली, "आई, ती खूण केलीय ना, तिथं आतून धडधडतंय."

सशिणीला ते स्वच्छ ऐकू आले. कानाच्या आत धडधडते ते काय असते, हे तिला कोणी सांगायला नको होते. तिने साळिंदराच्या रागावलेल्या तोंडाकडे पाहिले. मग तिने लेकीचे डोके आपल्या पोटाशी दाबले आणि म्हणाली, "गप हं. काही होत नाही. काका चांगले आहेत."

काटा आत गेला. रक्ताची चिळकांडी उडाली. लेकीची किंकाळी ऐकून वडावरचे पक्षी उडाले.

"हलली ती," साळिंदर म्हणाला. "स्वतः हलायचं आणि नाव आमचं घ्यायचं! आणा, दुसरा कान आणा."

"नको... राहू दे आता," असे पुटपुटत सशिणीने लेकीला उचलले. जाताना तिने खाली सांडलेल्या रक्ताबद्दल साळिंदराची क्षमा मागितली.

पुढे कान सुजला, तापला, त्यातून पाणी येऊ लागले. सशीण औषध विचारायला पुन्हा स्टुडिओत गेली. सरडा म्हणाला, "टोचताना काही बोलला नाहीत. आता काय त्याचं?" आतून साळिंदराचा आवाज आला, "भोक पडलंय ना? आमचं काम भोक पाडायचं. कान तुमचा, सूज तुमची!"

शेवटी ती ओढा ओलांडून आत्याकडे गेली. आत्याने कान उन्हात धरला आणि तिचे तोंड उतरले.

"वहिनी, टोचण्याआधी असा धरला नव्हता?"

"मी म्हटलं होतं, वन्सं."

"किती वेळा?"

"एकदा."

"मोठ्यानं?"

सशीण लेकीच्या अंगावरची माती झटकू लागली. आत्याने पाला चावून कानाला लावला आणि लेकीच्या पाठीवरून पंजा फिरवत बसली.

लेक वाचली. कानही गळून पडला नाही. पण तो पुन्हा उभा राहिला नाही. उजवीकडचा आवाज तिच्यापर्यंत पोचतो, तो मातीखालून आल्यासारखा, उशिरा. आणि साळिंदराचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. काही झाले नाही. स्टुडिओ जोरात चालतो. सरडा आता आणखी दोन रंग शिकला आहे.

चरायला निघाली की सशीण लेकीच्या उजव्या अंगाने चालते. एकदा अरुंद पायवाटेवर समोरून एक गवा आला. "ए, सरक तिकडं! मधून जाऊ दे मला," तो म्हणाला. मधून म्हणजे माय-लेकींच्या मधून. सशिणीच्या तोंडात सवयीने "या ना, या" आले होते. पण तिची नजर त्या पडलेल्या कानाकडे गेली.

"नाही!" ती मोठ्याने म्हणाली. "इथून मी हलणार नाही. तुम्ही कडेनं जा."

गवा थबकला. त्याने एकवार तिच्याकडे पाहिले आणि तो मुकाट्याने कडेने निघून गेला. ना तो रागावला, ना आभाळ कोसळले. ते किती सोपे होते हे कळले, तेव्हा सशीण वाटेतच बसली.

"आई, केवढ्यानं ओरडलीस!" लेक म्हणाली. "मला या कानानंसुद्धा ऐकू आलं."

तात्पर्य : आपल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे भीड ठेवू नये. उद्धटाचा राग घटकाभर टिकतो; पण भिडेपोटी आपण गिळलेला शब्द दुसऱ्यालाच जन्मभर सोसावा लागतो.