राजाच्या बाणांचा रंग

फार पूर्वी चंपकावती नगरीवर पुष्यकेतू राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने बाण करणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता आणि त्याचे नाव नंदिक होते. वेळूच्या दांड्या शेकून सरळ करायच्या, घासायच्या, ज्याला हवा तो रंग द्यायचा आणि वर लाखेचा पातळ हात फिरवायचा, हा त्याचा धंदा. मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा, हिरड्याच्या पाण्यात लोखंड भिजवून केलेला काळा. प्रत्येक धनुर्धराचा रंग ठरलेला असे. वसंतोत्सवात सगळे एकदम लक्ष्यावर बाण सोडीत, तेव्हा कोणाचा बाण लागला हे रंगावरूनच कळे.

राजाचे बाण सोनेरी होते. पण दरसाल ते सगळे लक्ष्याच्या अलीकडेच गवतात पडत आणि लोक तोंड फिरवून हसत.

एका वर्षी उत्सवाला चार दिवस उरले असताना राजा एकटाच नंदिकाच्या कर्मशाळेत आला.

"नंदिका, सेनापती धृष्टसेनाचे बाण लाल आहेत, वर दोन निळे पट्टे. यंदा माझेही हुबेहूब तसेच रंगव."

"मग लक्ष्यातले बाण कोणाचे, हे कसे कळायचे महाराज?"

"मी सांगेन ना! राजाला खोटे कोण पाडणार? तुला एक गाव इनाम देतो."

आत रंग ढवळणाऱ्या रेवेचा, नंदिकाच्या बायकोचा, हात थांबला. नाही म्हटले तर राजाचा कोप. हो म्हटले तर भल्या सेनापतीची मेहनत चोरीला जाणार. नंदिकाला भीती वाटली. पण राजाची खाली गेलेली मान पाहून त्याला त्याहून अधिक कणव आली.

"दुसऱ्याचा रंग मी आपल्याला देणार नाही," तो हळूच म्हणाला. "शिक्षा करायची तर करावी. पण आधी आपला एक बाण मला पाहू द्यावा."

राजा रागाने लाल झाला, तरी त्याने बाण पुढे केला. नंदिकाने तो बोटावर तोलला. राजघराण्याच्या तीन पिढ्यांनी त्यावर वर्खावर वर्ख आणि लाखेवर लाख चढवली होती.

"अगबाई, हा बाण आहे की मुसळ!" दारातून रेवा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

राजाने बाण परत घेऊन स्वतःच्या बोटावर तोलून पाहिला. मग राजाच खो खो हसत सुटला.

नंदिकाने सारे सोने खरवडून काढले. खालून वेळूची हलकी, सुरेख दांडी निघाली. राजाने ती अंगणातल्या पेंढ्याच्या भाऱ्यावर सोडली, तर ती भारा ओलांडून कुंपणापलीकडे गेली!

"आता रंग कोणता देऊ?"

"हळदीचा," राजा म्हणाला. "आणि पातळ दे बाबा."

उत्सवात लक्ष्यात अकरा लाल बाण रुतले होते. अगदी काठाला एक पिवळा थरथरत होता. राजा धावतच गेला. "हा माझा! हा एक माझा!" असे म्हणत त्याने सेनापतीला मिठी मारली आणि विजयाची माळ स्वतःच्या हातांनी त्याच्या गळ्यात घातली. त्या दिवशी राजासाठी लोकांनी पहिल्यांदाच मनापासून टाळ्या वाजवल्या.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, दुसऱ्याचे प्रवचन आपले म्हणून सांगणारा आणि आता शरमून बसलेला हा संघवर्धन तेव्हा राजा होता. ज्याचे ते प्रवचन, तो स्थविर सुदंत हा सेनापती होता. उपासिका भद्रिका ही रेवा होती, आणि नंदिक मीच होतो. कोणालाही न दुखावता सांगितलेले सत्य, हीच त्या जन्मीची माझी सत्यपारमिता."