पाचर आणि पितळी फुलं

आबासाहेब खोतांची म्हातारी आई वेताच्या स्टुलावरून पडली आणि तिने जे अंथरूण धरलं, ते थेट तिरडीवरच सुटलं. स्टुलाचा पाय सांध्यातून निखळला होता. बारावं-तेरावं उरकताच खोतांनी ते स्टूल करणाऱ्या बुधाजी सुताराला बोलावलं आणि गावासमोर सुनावलं, "दोष तुझ्या हाताचा. हत्यारं उचल आणि गाव सोड."

बुधाजी म्हणाला, "आबासाहेब, वेत ओला विणतात. वाळताना तो आवळतो आणि पाय आत ओढतो. म्हणून मी सांध्यात शिसवाची पाचर ठोकणार होतो. सागावर ती काळी रेघ शोभलीही असती. तुम्ही नको म्हणालात."

"पाचर म्हणजे ठिगळ! सरसाने सांधा चिकटवून वर पितळी फुलं ठोक म्हणालो, त्यात काय चुकलं? फुलांनी सांधा मोडतो होय?"

बुधाजीने आठ दिवस मागून घेतले. नवव्या दिवशी त्याने खोतांच्या ओटीवर दोन स्टुलं ठेवली. एकावर पितळी फुलं झळकत होती, दुसऱ्यावर काळ्या पाचरी दिसत होत्या. दोन्हींचा वेत खडखडीत वाळला होता.

"दोन्ही माझ्याच हातची. दोष हाताचा असेल तर दोन्हींत सारखाच असणार. यातल्या कुठल्याही एकावर बसा."

खोत तोऱ्यात फुलांच्या स्टुलाकडे गेले. सगळं गाव बघत होतं. त्यांनी धोतर सावरलं, क्षणभर थबकले आणि पाचरीच्या स्टुलावर टेकले.

बुधाजीने हात जोडले. "स्वतः बसताना पाचर बघितलीत, आबासाहेब. आईला बसवताना मात्र फुलं बघितलीत."

खोत बराच वेळ उठले नाहीत. स्टूल कुरकुरलंसुद्धा नाही.