ओ न देणाऱ्या सुनेची आणि चार नावांच्या नगराची कहाणी

ऐक गंगे गोदावरी, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. पण त्याला नाव एक नव्हतं, म्हणून कहाणी जरा अडखळतच सुरू होते.

तिथं एका कासाराच्या घरी नवी सून आली. माहेरची मैना. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं, भागीरथी. मग घर भागीरथीला हाका मारी, आणि मैना आपली डाळ निवडी. सासूनं एकदा हाक मारली, ओ नाही. दुसऱ्यांदा मारली, ओ नाही. तिसऱ्यांदा दूध उतू गेलं. सासू म्हणाली, "बहिरी आहेस की गर्विष्ठ? उद्यापासून ओ दे, नाहीतर माहेरची वाट धर."

मग सून घागर घेऊन गंगेवर गेली. घाटावर एक यात्रेकरू विचारीत होता, "हे गाव कोणतं?" फुलवाली म्हणाली, "पद्मनगर. ब्रह्मदेव इथं कमळावर बसला." गुरव म्हणाला, "छे! त्रिकंटक. देवानं तीन राक्षस काट्यासारखे उपटले." अत्तरवाला म्हणाला, "आमचे वडील गुलशनाबाद म्हणत, फुलबागांचं गाव." भांडी घासणारी म्हणाली, "नाशिक हो! इथंच शूर्पणखेचं नाक कापलं." सुनेला नवल वाटलं. कमळ, काटे, बाग नि नाक. आणि गाव कुणालाच नाही म्हणत नाही!

पायरीवर एक म्हातारी धुणं धूत होती. सुनेनं विचारलं, "आजी, गाव ओ कोणत्या नावाला देतं?"

"सगळ्यांना. नावं म्हणजे घाटाच्या पायऱ्या, मुली. नवी वर, जुनी पाण्याखाली. पाणी ओसरलं की दिसतात."

"माझं जुनं कुणी विचारलंच नाही."

"आणि तू कुणाचं विचारलंस?"

सुनेनं घागर पायरीवर टेकवली.

मग म्हातारी म्हणाली, "वसा सांगते. उतशील, मातशील."

"उतणार नाही, मातणार नाही."

"बुधवारी गंगेत दिवा सोडावा. घरातल्या एका बाईला माहेरचं नाव विचारावं. त्या नावानं एकदा हाक मारावी."

सून वळून बघते, तो पायरी ओली, म्हातारी नाही. बुधवारच होता. सुनेनं दिवा सोडला, घरी आली. सासू भाकरी भाजीत होती.

"सासूबाई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

सासूचा हात थांबला. भाकरी करपली. "चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही गं. ठकू म्हणत."

सून हळूच म्हणाली, "ठकूताई?"

"ओ!" म्हणाली सासू, आणि स्वतःच दचकली. मग हसली. मग डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "आणि तुझं?"

"मैना."

"मैने, उलथनं दे."

हाक संपायच्या आत उलथनं हातात. पुढं भागीरथीलाही ती ओ देऊ लागली. त्या नावाखाली कोण आहे ते घराला कळलं होतं ना! माहेरची वाट उरली ती दिवाळसणापुरती.

जशी ठकूला हाक आली, तशी तुम्हां आम्हां येवो. ही चार नावांची कहाणी एका 'ओ'त सुफळ संपूर्ण.