पाच मुठींचा तुकडा

त्या राज्यात जमीन मोजल्याखेरीज कुणाची होत नसे, आणि मोजण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या काठीकडे होता. पाच हात आणि पाच मुठी ही तिची लांबी. जुन्या कागदांवर प्रत्येक शेतापुढे ‘इतक्या काठ्या’ एवढंच लिहिलेलं असे, आणि तेवढं पुरे होई.

मग सिंहासनाने दूरदेशाहून लोखंडी साखळी आणवली. तिची कडी न कडी सारखी होती आणि या गोष्टीचा तिला भारी तोरा होता. सगळे जुने कागद नव्या मापात उतरवायचा हुकूम सुटला. साखळीने काठीला दरबारात उभं केलं.

“लांबी सांग.”

“पाच हात, पाच मुठी.”

“मूठ माणसागणिक वेगळी. ती चालायची नाही. हात तेवढे धरू.”

हातही माणसागणिक वेगळाच असतो, हे दरबारात कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल त्याने तोंड शिवून घेतलं. करवत आली. पाच मुठींचा तुकडा फरशीवर पडला. दारातल्या नांगराचं हाताने धरायचं रुमणं मोडलेलं होतं, म्हणून तो तुकडा त्याला देऊन टाकला. त्या दिवसापासून काठीच्या मनात सुडाखेरीज काही उरलं नाही.

आता कागदावर काठी तीच होती आणि जमिनीवर आखूड झाली होती. साहजिकच जे शेत मोजावं ते कागदापेक्षा मोठं निघू लागलं. जास्तीच्या जमिनीला साखळी ‘चोरीची’ म्हणे. ती जप्त व्हायची, तिच्यावर जे उभं असेल ते पाडायचं आणि वरून नांगर फिरवायचा, असा हुकूम तयार झाला.

“हुकमात एक ओळ घाला,” काठी नम्रपणे म्हणाली. “जुना एकही कागद सुटता कामा नये. कुणाचाही.”

सिंहासनाला ही निष्ठा फार आवडली. त्याने ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहवून वेशीवर लावली.

मोजणी सुरू झाली. ओढ्याकाठच्या बोरमळ्याची कडेची सगळी बोरं गेली. “मला तूच मोजलं होतंस ना गं बये?” तो काठीला म्हणाला. “आता त्यांच्या पंगतीला बसलीस. थू तुझ्या जिण्यावर!” काठीला ते काट्यासारखं रुतलं. एका शब्दाने तिला त्याची समजूत घालता आली असती. तो शब्द साखळीच्या कानावर गेला असता, म्हणून तिने गिळला.

शेवटी सगळे कागद संपले आणि एक ताम्रपट उरला. फार पूर्वी याच शेतांनी सिंहासनाला बसायला जागा दिली होती. वेशीच्या दगडापासून पूर्वेला शंभर काठ्या. ती काठीनेच मोजली होती, पुऱ्या लांबीने.

साखळी ताम्रपट दडवायला निघाली, पण वेशीवर शेतं जमली होती आणि ती मोठी अक्षरं वाचत होती. साखळीचा नाइलाज झाला. ती वेशीच्या दगडापासून निघाली, अंगण ओलांडून पायऱ्या चढली आणि दरबाराच्या उंबऱ्याच्या अलीकडेच तिच्या शंभर काठ्या भरल्या.

“ओढ!” सिंहासन आतून गरजलं. “आणखी ओढ!”

“कडी वाढत नाही, महाराज,” साखळी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

तिथेच मेख ठोकली गेली. बोरमळा कधी मेखेकडे बघे, कधी काठीकडे, आणि त्याला हसू आवरेना.

नांगर पायऱ्या चढून आला आणि काठीशेजारी थांबला. तिच्या टोकावर करवतीची खूण होती, त्याच्या रुमण्यावरही तीच होती.

“कुठून धरू?” त्याने विचारलं.

काठीने आपलं कापलेलं टोक उचललं आणि सरळ सिंहासनाच्या पायाकडे रोखलं.