ठेंगण्या कोळ्यांची यादी

"मग नाना, आता सही करायला हरकत काय?"

हेरंबने यादी पुढे धरली. पाच वर्षं तो गवतात जाळी विणणाऱ्या ठेंगण्या कोळ्यांच्या मागे होता. एकाच वंशाच्या नऊ जाती शोधून त्याने खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वंश पूर्ण. दहावी जात नाही.' कोळ्यांचे जुने जाणकार नाना केळुसकर यांची सही झाली की ते छापायला जाणार होतं. सहीशिवाय त्या पाच वर्षांना कुणी विचारलं नसतं.

म्हातारा सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या माळावर, एका कातळावर बसून गवताकडे बघत होता. ऊन नुकतंच वर येत होतं.

"ओळखतोस कसे?"

"सोपं आहे. कोळी मोहरीएवढा, पण नराच्या डोक्यावर टेंगूळ असतं. प्रत्येक जातीचं वेगळं."

"आणि तुझ्या डोक्यावरचं?"

हेरंब हसला नाही. विनय त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता.

"या सड्यावर किती असतील?" नानांनी विचारलं.

त्याने उभ्या उभ्या नजर फिरवली. "इथे? आत्ता इथूनच चालत आलो. एकही नाही."

नानांनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली ओढलं.

"बस."

...

"अजून खाली. गाल टेकव. सूर्याकडे बघ."

कपाळाला आठ्या घालत हेरंबने गाल जमिनीला लावला.

अख्खा सडा रेशमाने झाकलेला होता. पात्यापात्यातून धागे गेले होते, क्षितिजापर्यंत, आणि सगळे एकदम उजळले होते. जवळच्या एका पात्याच्या टोकावर मोहरीएवढा जीव चढला. त्याने पोट वर उचललं, वाऱ्यावर धागा सोडला आणि उडाला. मागोमाग दुसरा. मग शेकडो.

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठला कोणत्या जातीचा, हे बघायचं त्याला सुचलंच नाही.

मग त्याला त्या उजेडातून गेलेली एक काळी वाट दिसली. तिथे एकही धागा नव्हता. वाट सड्याच्या कडेपासून थेट त्याच्या बुटांपर्यंत आली होती.

...

गाल न उचलताच तो बोलला. आवाज पार खाली गेला होता.

"नाना... आता पाय कुठे ठेवू?"

नानांनी खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"हाच प्रश्न यादीच्या वर लिही. खाली मी सही करतो."