नावेत उभा महाबली

नदीकाठच्या एका गावात रायाजी नावाचा महाबली राहत होता. तो भरलेली बैलगाडी बैलांसकट उचलत असे. त्याच गावात निळोबा नावाचा जादूगार होता. तो मंत्र म्हणून वारा सोडत असे आणि उंदराचा हत्ती करत असे. निदान गावकरी तरी तसे शपथेवर सांगत. गावाचे दोघांवरही प्रेम होते. फक्त ते दोघे एकत्र दिसले की लोक हळूच दुसऱ्या वाटेने जात, कारण शक्ती मोठी की जादू, हा त्यांचा वाद कधी संपत नसे.

एके दिवशी दोघे पलीकडच्या गावी जत्रेला निघाले. नावेत त्यांच्यासोबत हौसाबाई सुईण होती. पलीकडे एक पहिलटकरीण अडली होती आणि हौसाबाईला तातडीचा निरोप आला होता. धर्मा नावाड्याने घाईघाईने नाव पाण्यात लोटली. काठ सुटला नाही तोच वाद सुरू झाला.

"तुझ्या हत्तीचं वजन किती भरतं रे?" रायाजीने विचारले.

"हत्तीएवढं," निळोबा म्हणाला.

"आणि उंदराचं उंदराएवढं. मग मधलं वजन आलं कुठून? जिथं काही नाही तिथून काही येत नसतं, बुवा. तुझा हत्ती उंदराच्याच वजनाचा असणार. कुणी शिंकलं तरी उडून जाईल."

धर्मा वल्हे मारता मारता हसला. निळोबाला ते झोंबले.

"तू म्हणतोस, मी डोंगर उचलीन. उचल की. पण डोंगराचा सगळा भार येणार तुझ्या दोन तळपायांखाली. डोंगर राहील जागेवर आणि पैलवान खिळ्यासारखे जमिनीत."

खरे तर दोघांचेही बरोबर होते. दुसऱ्याच्या सामर्थ्याला मर्यादा आहे हे दोघांनाही स्वच्छ दिसत होते. आपल्या सामर्थ्यालाही ती असेल, असे मात्र एकालाही वाटत नव्हते.

इतक्यात नाव पाण्याखालच्या वाळूत रुतली. धर्माने बांबू टेकवून जोर लावून पाहिला. नाव हलेना. तो धोतर खोचून खाली उतरू लागला.

"बस रे तू," रायाजी म्हणाला. "मी नावेत असताना नावाडी पाण्यात उतरला, तर माझी अब्रू काय राहील?"

त्याने उभे राहून नावेचे दोन्ही काठ धरले आणि नाव वर ओढली. हात जेवढे वर ओढत होते, तेवढेच पाय फळीला खाली दाबत होते. फळी करकरली. फटीतून पाणी झिरपू लागले. नाव होती तिथेच राहिली.

"सरक," निळोबा म्हणाला. तो मागच्या टोकाला गेला आणि मंत्र म्हणून शिडावर वारा सोडला. शीड टरारून फुगले. पण वाऱ्याने शिडाला जेवढे पुढे ढकलले, तेवढेच निळोबाला मागे रेटले. तो टोकाच्या लाकडाला चिकटून बसला. नाव तसूभरही हलली नाही.

"बाबांनो," हौसाबाई म्हणाली, "तिकडे दोन जीव अडकलेत. तुमचं थोरपण आटपलं असेल तर मला तेवढं पलीकडे पोचवा."

रायाजीने आपल्या पायांकडे पाहिले. आपण ज्या नावेत उभे आहोत ती आपल्याला उचलता येणार नाही, हे त्याला कळून चुकले. खाली उतरायला हवे होते. पण त्याला पोहता येत नव्हते, आणि ही गोष्ट त्याने जन्मात कुणाला सांगितली नव्हती. त्याने घाम पुसला. पलीकडचा काठ पाहिला.

"निळोबा," तो हळूच म्हणाला, "मला पाण्याची भीती वाटते. हात धर माझा."

चिडवायला याहून चांगली संधी निळोबाला पुन्हा मिळाली नसती. पण त्याने ती सोडून दिली. त्याने हात पुढे केला.

रायाजी उतरला. पाणी कमरेएवढेच होते. त्याचा भार जाताच नाव चार बोटे वर आली. त्याने वाळूत पाय रोवून खांदा लावला. पाय पिंढरीपर्यंत रुतले, पण नाव सुटली. तरी वारा पडलेला होता, एकट्या धर्माची वल्ही पुरेनात आणि प्रवाह तिला पुन्हा वाळूवर ओढू लागला. मग निळोबानेही पाण्यात उडी टाकली.

"मला मागून घट्ट धर," तो म्हणाला. "माझा वारा मलाच मागे फेकतो."

रायाजीने त्याला कवेत धरले. निळोबाने मंत्र म्हटला. शीड फुगले आणि नाव सरसर निघून गेली.

धर्मा परत न्यायला येईपर्यंत दोघे एकमेकांना धरून पाण्यात उभे होते. वाद झाला नाही. रायाजीला पाय हलवायची भीती वाटत होती आणि निळोबाचे दात वाजत होते.

दुपारी त्या घरात मुलगी झाली. आई सुखरूप होती. काठावरून सगळा प्रकार पाहिलेले लोक दाराशी जमले होते.

"काय हौसाबाई, शेवटी कोण जिंकलं? शक्ती की जादू?" एकाने विचारले.

हौसाबाई हात धूत होती. ती म्हणाली, "दोघंही उतरले, म्हणून मी पोचले."

तात्पर्य: दुसऱ्याच्या सामर्थ्याची मर्यादा मोजण्याआधी आपण स्वतः कशावर उभे आहोत ते पाहावे, आणि आपलाच भार होत असेल, तर लाज न बाळगता खाली उतरावे.